शेवटच्या ठिपक्यापुढे

बोरिवली पूर्वेच्या त्या मंगल कार्यालयात रविवारी सकाळी लग्न नव्हतं, तरी दाराशी चपलांचा ढीग लग्नाइतकाच होता. आत पाचसहाशे माणसं दाटीवाटीने बसली होती आणि प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची फाईल होती. फाईलमध्ये लॅबचे रिपोर्ट. कोणाची साखर, कोणाचा थायरॉइड, कोणाची किडनी. रेषानाथ महाराजांच्या दरबारात नारळ, हार काही चालत नसे. तिथे नऊ रिपोर्ट लागत.

"डॉक्टर काय बघतो?" महाराजांनी माईक तोंडाशी धरला. "आजचा रिपोर्ट! म्हणजे एक ठिपका! अरे, एका ठिपक्याची कधी रांगोळी होते का?"

"नाही!" हॉल गरजला.

"ग्रह किती?"

"नऊ!"

"मग ठिपके किती हवेत?"

ह्याचं उत्तर द्यायला शाळेत जायची गरज नव्हती. महाराज बोलायचे झकास, आणि दर चार वाक्यांनी विज्ञानाला हात जोडायचे, त्यामुळे शिकलेली माणसंसुद्धा पुढच्या रांगेत बसायची.

श्रुतिका मात्र मागे, खांबाला टेकून उभी होती. ती विलेपार्ल्याच्या एका कॉलेजात गणित शिकवायची. आईवडिलांना सोबत म्हणून आली होती. तिचे वडील दशरथ, घरात आप्पा, तीन वर्षांपासून डायलिसिसवर होते. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सात ते अकरा. शेजारच्या खुर्चीवर खंडू. दोघेही गिरणीत एकाच खात्यात होते, गिरणी बंद पडल्यावर एकाच सोसायटीत वॉचमन झाले, आणि आता एकाच पाळीला मशीनवर. दोघांची गावंही कणकवलीच्या अंगाला, एकमेकांना लागून. तीन वर्षांत दोघांना गणपतीला गावी जाता आलं नव्हतं, कारण मशीन गावी नव्हतं. कोकणातल्या माणसाला ह्याहून मोठी शिक्षा कोणी सांगावी.

त्या दिवशी खंडूही दरबारात आला होता, आणि नंबर त्याचाच लागला.

महाराजांचा संगणक सांभाळणारा निहार म्हणून तिशीचा एक इंजिनियर होता. त्याने खंडूच्या जाडजूड फाईलमधून नऊ कागद निवडले, आकडे भरले, आणि मोठ्या पडद्यावर नऊ पिवळे ठिपके उमटले. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळायचा रक्तातला कचरा: आठ, साडेआठ, पावणेआठ, असे वरखाली. पडद्याच्या खालच्या काठावर झेंडूचं जाड तोरण बांधलं होतं. महाराजांनी बोट उचललं. डावीकडून एक लाल रेषा निघाली, नागमोडी वळत पहिल्या ठिपक्यातून गेली, दुसऱ्यातून गेली, आणि नवव्यापर्यंत एकालाही न चुकता गेली.

"एक तरी ठिपका चुकला?"

"नाही!"

"मी ह्या माणसाला ओळखतो?"

"नाही!"

"मग रेषेला ठिपके कोणी सांगितले?"

निहारने, आत्ताच, सगळ्यांसमोर टाईप करून. पण हे सहाशेतल्या एकालाही सुचलं नाही. बायकांनी हात जोडले. खंडू रडायला लागला.

नवव्या ठिपक्यापुढे रेषा खाली वळली आणि तोरणात शिरली. "चतुर्थीला एक!" महाराज ओरडले. "निरोगी माणसाचं क्रिएटिनिन किती? एक! मशीनला रामराम करा, बाप्पासाठी गावी जा!"

आणि श्रुतिका? तिने त्या क्षणी काय केलं, ते तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. ती हसली. खूश होऊन हसली. कारण ती रेषा तिची होती.

गेली सहा वर्षं ती कॉलेज सांभाळून एका मोफत गणिती प्रोग्रॅमवर काम करत होती. जगभरातले हौशी लोक मिळून तो लिहितात, ज्याला हवा त्याने घ्यावा. ठिपक्यांतून वळणदार रेषा, म्हणजे बहुपदी, बसवणारा त्यातला भाग तिच्याकडे होता. पूर्वी तो भाग तारखांच्या बाबतीत फार वाईट चुकायचा. तारीख म्हणजे संगणकाला दिवसांची मोजणी, चाळीसपंचेचाळीस हजारांचा आकडा. त्याचा आठवा घात केला की सदतीस-अडतीस आकडी संख्या होते, आणि संगणक त्यातले पंधरासोळा आकडे धरून बाकीचे सोडून देतो. रेषा ठिपक्यांच्या आजूबाजूने भरकटायची. श्रुतिकाने उपाय केला तो साधा होता: दिवस दूरच्या कुठल्या तरी सालापासून न मोजता त्या नऊ तारखांच्या मधोमध शून्य धरून मोजायचे. आकडे लहान झाले, चूक गेली, रेषा प्रत्येक ठिपक्यातून केसभरही न चुकता जाऊ लागली. प्रोग्रॅमचं मराठी रूपही तिनेच केलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात 'दिनांक' आणि 'मूल्य' हे शब्द तिचे होते.

तर ती हसली. मग तिला दिसलं की रेषा शेवटच्या ठिपक्यापुढेही चालली आहे. तिथे प्रोग्रॅमने इशारा द्यायला हवा होता. तो तिनेच लिहिला होता. पडद्यावर तो नव्हता.

भर दरबारात तोंड कोण उघडणार, घरी गेल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. घरी तिने आप्पांना सांगितलंही, जेवता जेवता, अर्धंमुर्धं. खंडूचं घर पुढच्याच इमारतीत होतं. तिथे ती गेली नाही. पेपर तपासायचे होते.

खंडू गावी गेला. चतुर्थीला त्याने स्वतःच्या हाताने गणपती आणला, असं फोनवर सांगितलं. आवाज बसलेला होता. गौरी-विसर्जनाच्या दिवशी त्याच्या छातीत पाणी भरलं आणि जवळच्या मशीनपर्यंत पोचायच्या आत गाडीतच तो गेला.

आता तरी दरबार ओस पडेल असं कोणालाही वाटेल. पुढच्या रविवारी गर्दी जास्त होती.

"खंडूच्या खिशात काय सापडलं, माहीत आहे?" महाराजांनी आवाज अगदी खाली आणला. "डायलिसिस सेंटरचा फोन नंबर! तोंडाने रेषा म्हणत होता, खिशात शंका घेऊन फिरत होता! शंकेने रेषा तुटते, बाळांनो."

मेलेल्या माणसाच्या खिशातली चिठ्ठी त्याच्यावरच पुरावा म्हणून वापरायची, ह्याला नीचपणा म्हणतात. हॉलमध्ये त्याला ज्ञान म्हणाले. त्याच दिवशी आप्पांची रेषा निघाली. घटस्थापनेला एक.

मंगळवारी आप्पा मशीनवर जातो म्हणून बाहेर पडले. शुक्रवारीही. शनिवारी सेंटरमधल्या सिस्टरचा श्रुतिकाला फोन आला. "मॅडम, तुमचे वडील आठवडाभर आले नाहीत. कुठे दुसरीकडे लावलंय का?"

ती घरी धावली. आप्पा खिडकीशी बसले होते. पाय सुजून पायजम्याची घडी ताणली होती. चार शब्द बोलले की दम लागत होता. आई, रुक्मिणी, दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

"आप्पा, खंडूकाकांचं काय झालं ते बघितलं ना तुम्ही?"

"तेच्या मनात शंका होती," आप्पा म्हणाले. "माझ्या नाय. माका गावाक जावचा आसा, गो. खुर्चीत बसान मरूचा नाय माका."

"चला, आत्ता रिक्षा आणते. मशीनवर चला."

"नाय."

"अवो, पोर काय सांगता ता ऐका तरी," रुक्मिणी म्हणाली.

"तिका इतक्या कळता, तर म्हाराजांसमोर बोलांदे." आप्पांनी भिंतीला डोकं टेकलं. "उद्या चल. तू सगळ्यांसमोर दाखव. माका पटला, तर थयसून सरळ मशीनवर जातलंय. नाय पटला, तर परत इचारूचा नाय."

डॉक्टरांना तिने फोन लावला. ते म्हणाले, एक दिवससुद्धा जोखमीचा आहे, पण जबरदस्तीने सुई टोचता येणार नाही. तिने आप्पांची फाईल उघडली. सव्वीस रिपोर्ट होते. ती ते मोजत बसली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की निहार नेहमी जाड फाईलमधले नऊच *निवडतो*.

रविवारी तिने आप्पांना खुर्चीसकट पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. गर्दीला आजारी माणसाची सवय होती, वाट मिळाली.

"महाराज, माझ्या वडिलांची रेषा पुन्हा बघायची आहे," ती म्हणाली. "मन शांत होईल."

"बघा, मुलगी आली!" महाराज प्रसन्न झाले. "घे रे निहार."

निहारने फाईलसाठी हात पुढे केला. तिने फाईल दिली नाही, फक्त नऊ कागद दिले. त्याने कागद उलटसुलट केले, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि आकडे भरले. ठिपके आले. रेषा निघाली, नऊही ठिपक्यांतून गेली. टाळ्या पडल्या. आणि नवव्या ठिपक्यापुढे ती सरळ वर चढून छताकडे निघून गेली.

टाळ्या थांबल्या.

"सेवा कमी पडली!" महाराज एका क्षणात सावरले. "आठवड्यात रेषा फिरली!"

"आठवड्यात काही फिरलेलं नाही, महाराज. हे कागद जुने आहेत. ह्यातला शेवटचा आषाढातला. माणूस तोच, रक्त तेच. मागच्या रविवारी दुसरे नऊ कागद काढले तर रेषा खाली गेली. आज हे नऊ दिले तर वर गेली." तिने पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. "हा दहावा. श्रावणातला, म्हणजे आषाढाच्या पुढच्याच महिन्यातला. मी तो लपवून ठेवला होता. तुमची रेषा भविष्य सांगते ना? मग जे होऊन गेलंय तेवढं तरी सांगू दे. निहार, श्रावणातल्या ह्या तारखेला रेषा किती दाखवते?"

निहारने महाराजांकडे पाहिलं.

"बोल ना रे!" पाठून कोणीतरी ओरडलं. "घाबरतोस काय?"

"त्रेसष्ट," निहार म्हणाला.

"आणि लॅबच्या कागदावर आठ पॉइंट तीन आहे." तिने कागद आप्पांच्या हातात दिला. "त्रेसष्ट झालं असतं तर आज आप्पा इथे बसले नसते."

आप्पांनी कागद डोळ्यांजवळ नेला. तारीख वाचली. त्या दिवशी आपण आणि खंडू शेजारी बसून रेडिओवर अभंग ऐकत होतो, हे त्यांना बहुतेक आठवलं असावं, कारण त्यांनी तारखेवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली.

"आता मागच्या रविवारचं चित्र लाव," श्रुतिका म्हणाली. "घटस्थापनेला एक होणार होतं ते."

"दरबार बंद!" महाराज गरजले. "ही बाई शंका घेऊन आली आहे! शंकेने खंडू गेला, हिच्या शंकेने हिचा बाप जाईल!"

निहार खुर्चीत अंग चोरून बसला होता. खंडूचे नऊ कागद त्यानेच निवडले होते. त्याने मान वर न करता एक कळ दाबली आणि मागच्या रविवारचं चित्र पडद्यावर आलं. नऊ ठिपके, लाल रेषा, आणि शेवटी खाली, तोरणात.

रुक्मिणी उठली. सहाशे माणसांसमोर जिने जन्मात कधी तोंड उघडलं नव्हतं, ती पदर खोचून स्टेजवर चढली आणि तिने ते झेंडूचं तोरण दोन्ही हातांनी वर उचललं.

तोरणामागे पडदा होता आणि पडद्यावर रेषा होती. ती एकवर थांबली नव्हती. एक ओलांडून शून्यावर गेली होती, शून्याच्या खाली, उणे दहा, उणे तीस, आणि घटस्थापनेनंतरच्या आठवड्यात उणे सत्तरला पोचून पडद्याबाहेर गेली होती.

"शून्याच्या खाली," श्रुतिका म्हणाली. "एखाद्याच्या डब्यात लाडू नसतील. पण उणे सत्तर लाडू कोणाच्या डब्यात असतात?"

पहिल्यांदा कोणीतरी हसलं. मग पुष्कळ जण हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

"अहो, पण ठिपक्यांतून तर बरोबर जाते ना?" सुनंदाताई म्हणून निवृत्त शिक्षिका होत्या, त्या उभ्या राहिल्या. "ते कसं?"

"ताई, तुमच्या चपलेचा नंबर?"

"सहा."

"तुमचा, काका? ... नऊ. तुमचा?"

नऊ जणांनी नऊ नंबर सांगितले. निहारने ते एकेका महिन्यासमोर भरले. रेषा निघाली आणि तितक्याच दिमाखात नऊही चपलांतून गेली.

"नऊ ठिपके असले की रेषेचे नऊ आकडे हवे तसे जुळवता येतात," श्रुतिका म्हणाली. "इतकी मोकळीक दिली की कुठल्याही नऊ ठिपक्यांतून रेषा जातेच. तिला जावंच लागतं. त्यात चमत्कार नाही, ग्रह नाहीत. ती मागचे ठिपके पाठ म्हणून दाखवते. पुढे काय होणार ते तिला माहीत नसतं. रिपोर्टात थोडा फरक पडला, आठचं सव्वाआठ झालं, तरी शेपूट आभाळात नाहीतर पाताळात. म्हणून निवडून निवडून नऊ कागद घ्यायचे, शेपूट खाली येईपर्यंत." ती निहारकडे वळली. "आता इशारा दाखव."

"कुठला इशारा?" निहार पुटपुटला.

"जो तू बंद केलायस. मी सांगते त्यात काय लिहिलंय. 'जितके ठिपके तितकीच मोकळीक. ही रेषा शेवटच्या ठिपक्यापुढे वापरू नका.'"

त्याने सेटिंगमधली 'इशारा बंद' ही खूण पुसली. लाल रेषेच्या वर पिवळ्या पट्टीत अक्षरं उमटली. शब्दन् शब्द तोच. हॉलमध्ये लोक ते मोठ्याने वाचायला लागले, काही जण बोट लावून.

"मला पाठ आहे, कारण हे मी लिहिलंय," श्रुतिका म्हणाली. "ही रेषापण माझी आहे. पूर्वी ती ठिपके चुकवायची, तेव्हा तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. मी ती अचूक केली. अचूक झाली म्हणून खरी वाटली. दर पंधरा दिवसांनी प्रोग्रॅमची एक ओळ सुधारायचे मी, आणि इथे माझ्याच सोसायटीतला माणूस..."

ती वळली आणि आप्पांच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिली.

महाराज स्टेजमागच्या दाराने गेले होते. ते गेल्याचंही पुष्कळांना उशिरा कळलं. निम्मे लोक फाईली उचलून निघाले, निम्मे बसून राहिले. महाराज परत येतील म्हणून काही जण दुपारपर्यंत बसले होते. माणूस एकदा आशेला चिकटला की पडदा कोरा झाला तरी समोरून उठत नाही.

आप्पा उठले. एक हात बायकोच्या खांद्यावर, एक लेकीच्या. जिना उतरायला त्यांना दहा मिनिटं लागली. रिक्षात बसल्यावर त्यांनी श्रुतिकाकडे पाहिलं. रागाने नव्हे. खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"ह्यां तू खंडूक कित्याक सांगूक नाय?"

सेंटरच्या दारापर्यंत ती रिक्षावाल्याला फक्त वळणं सांगत राहिली. पेपर तपासायचे होते, हे उत्तर तिला तोंडातून काढता आलं नाही.

सिस्टरने आप्पांना तातडीने आत घेतलं. त्या दिवशी ते वाचले. पण आठवड्याभरात हृदयावर जो ताण आला होता, तो कायमचा राहिला. आता आठवड्यातून तीन पाळ्या लागतात. गावचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.

श्रुतिकाने प्रोग्रॅम बदलायला घेतला. शेवटच्या ठिपक्यापुढे रेषा काढायचीच नाही आणि इशारा बंद करायची सोय ठेवायची नाही, असा तिचा प्रस्ताव होता. दूरदूरच्या सोबत्यांनी वाद घातला. एकाने विचारलं, गणितात तर चूक काहीच नाही, मग बदल कशासाठी? तिने खंडूचं नाव, त्याचं वय आणि नऊ आकडे लिहून पाठवले. बदल मान्य झाला.

पण संगणकातला इशारा किती जण वाचणार? रेषानाथ गेला तर उद्या कोणी वर्तुळनाथ येईल, त्याच्याकडे दुसरा पडदा असेल, दुसरं तोरण असेल. प्रत्येक हॉलमध्ये गणिताची बाई कुठून आणायची? विचारायचं ते ज्याचं त्यानेच विचारायला हवं.

परवाच्या मंगळवारी खंडूच्या खुर्चीवर नवा माणूस आला. पंचेचाळिशीचा, गावदेवीचा अंगारा कपाळाला, मांडीवर प्लास्टिकची फाईल. मुलुंडला एक जण आहेत म्हणे, रिपोर्टवर हात ठेवून पुढची तारीख सांगतात, असं तो हळूच म्हणाला.

आप्पा बराच वेळ नळीतून फिरणाऱ्या आपल्या रक्ताकडे बघत होते. मग त्यांनी मोकळा हात लांब करून त्या फाईलवर टेकवला.

"जा. खुशाल जा," ते म्हणाले. "पण शेवटचो कागद घराक ठेव. आणि तेका सांग, आदी ह्यो वळख. वळखल्यान, तर पुढचा इचार. नाय वळखल्यान, तर मंगळवारी हय येऊन बस."

नव्या माणसाने फाईल उघडली, वरचा, शेवटच्या तारखेचा कागद काढला, आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला.